पेवांतील हवा

तिसरी-चौथीच्या मुलांना पदार्थाच्या तीन अवस्था शिकवावयाच्या म्हणजे तीन वाक्यें पाठ करून घ्यावयाचीं, अशी पुष्कळांची समजूत आहे. स्थायूला स्वतःचा आकार असतो, द्रव भांड्याचा आकार घेतो, वायु मिळेल ती जागा व्यापतो. वाक्यें खोटीं नाहींत; मुलें तीं दोन दिवसांत घडाघडा म्हणूं लागतात. परंतु तीं पटलीं कीं नाहीं हें कळावयास मुलांना बोलूं द्यावें लागतें. सांगलीस माझ्या वर्गांतील एका मुलीनें विचारलें, "बाई, जोंधळे ओतले तर वाहतात, डब्यांत घातले तर डब्यासारखे होतात. मग ते द्रव कां नव्हेत?" मीं तिच्या तळहातावर एकच दाणा ठेविला आणि तो कोणत्याही भांड्यांत घालून त्याचा आकार बदलावयास सांगितलें. बराच वेळ तिनें तो वाटींतून टोपणांत व टोपणांतून वाटींत घातला. नंतर आपणच म्हणाली, "शिवाय जोंधळ्यांचा ढीग होतो, पाण्याचा होत नाहीं."

स्थायु आणि द्रव यांच्या पाठाला ऋतूच साह्य करितो. साताऱ्यास असतां मी थंडीच्या दिवसांत खोबरेल तेलाची बाटली वर्गाच्या खिडकींत ठेवीत असें. सकाळीं तेल गोठलेलें. ऊन आलें कीं तें कडेनें सुटूं लागे. हें तेल सुमारें 24 अंशांवर वितळतें, त्यामुळें बर्फावांचून आमचें काम भागे. गुऱ्हाळाचें उदाहरण मात्र मी जपूनच देतें. ढेप म्हणजे गोठलेला रस, असें मुलें धरून चालतात. वस्तुतः काहिलींतील बहुतेक पाणी वाफ होऊन निघून गेलेलें असतें.

खरी अडचण वायूची. आपण मोठीं माणसेंच "पेला रिकामा आहे" असें म्हणतों. मग त्यांत कांहीं आहे यावर मुलांनीं विश्वास कां ठेवावा?

येथें मला हरिपूरचा आधार मिळाला. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हें गांव आहे. तेथें हळद सांठविण्यासाठीं जमिनींत खणलेलीं पेवें प्रसिद्ध होतीं: तोंड अरुंद, पोट विस्तीर्ण, वरून मातीनें बंद. 2005 सालच्या महापुरांत पुष्कळ पेवें निकामी झालीं. 2018 सालीं सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळालें खरें, पण आजच्या मुलांना पेव हा शब्द बहुधा "पेव फुटलें" या वाक्प्रचारांतच भेटतो!

बंद पेवांत प्राणवायु कमी होतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. हा वायु हवेच्या सुमारें दीडपट जड, म्हणून तो तळाशीं बसून राहतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. उतरणाऱ्या माणसास कांहीं समजण्यापूर्वींच त्याची शुद्ध हरपते. म्हणून पेव उघडल्याबरोबर कोणी आंत उतरत नसे. तोंड मोकळें ठेवून वाट पाहावयाची, मग दोरीनें कंदील खालीं सोडावयाचा. तो विझला तर माणसानें वरच थांबावयाचें.

हें सांगून झाल्यावर मीं एका पातेल्यांत खाण्याचा सोडा घालून त्यावर लिंबू पिळलें. फेस आला, शमला. पातेलें रिकामें दिसत होतें. त्यांत मेणबत्तीचा पेटता तुकडा चिमट्यानें सोडला, तो विझला. एकही मूल बोललें नाहीं.

मग मागच्या बाकावरील एका मुलानें विचारलें, "बाई, पेवांतला तो वायु बाहेर कसा काढावयाचा?" कोणी म्हणालें, पंख्यानें वारा घालावा; कोणी म्हणालें, थांबावें, आपोआप पसरून जाईल. तोच मुलगा म्हणाला, "बादलीनें उपसावा." वर्ग हंसला. मीं पातेल्यांत पुन्हां सोडा-लिंबू घातलें, त्याला पुढें बोलाविलें आणि त्याच्या हातीं एक पेला दिला. त्यानें फेसाला न लावतां तो पातेल्यांत अलगद बुडविला, वर काढला, आणि टेबलावर जळत असलेल्या दुसऱ्या मेणबत्तीवर तिरका केला. ज्योत एकदां वांकली आणि विझली.