काल्पनिक बेट आणि खरे ग्वाल्हेर

इंग्लंडच्या थॉमस मोर याचे 'युटोपिया' हे लॅटिन पुस्तक १५१६ साली प्रसिद्ध झाले. त्यात एका बेटावरील राज्याचे वर्णन आहे. गंमत अशी की, ते मुळात बेट नव्हतेच. युटोपस नावाच्या राजाने तो प्रदेश जिंकला आणि मुख्य भूमीशी जोडणाऱ्या जागी १५ मैलांचा कालवा खोदून समुद्र आत घेतला. पुढे तेथे ५४ शहरे वसली. सर्वांची भाषा एक, कायदे एक, चालीरीतीही एक. दर ३० कुटुंबांनी वर्षाला एक अधिकारी निवडायचा, रोज ६ तास काम करायचे आणि आपसांत पैशाचा व्यवहार मुळीच नाही! वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला या राज्यात नोकरी मिळणे कठीणच.

असेच एक राज्य मी आणि माझ्या मामेभावाने ग्वाल्हेरला, आजोळी, उन्हाळ्याच्या सुटीत स्थापन केले होते. पाठकोऱ्या कागदावर नकाशा काढला. मधोमध डोंगर, त्यावर ग्वाल्हेरसारखाच लांबलचक किल्ला. राजा मी, दिवाण तो. पहिला कायदा असा की, बेटावर फक्त मराठी बोलावे. मामेभाऊ घराबाहेर हिंदी बोले, मी आमच्या गावी बाजारात कानडी. एक तरी जागा निव्वळ आपली असावी, असे दोघांनाही वाटे. आजी नकाशा पाहून म्हणाली, "सगळं छान आहे रे, पण गूळ कुठून आणणार?" दिवाणजी गप्प. राजेही गप्प.

आजीचे ग्वाल्हेर असे बेट कधीच नव्हते. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली. तिचेच पुढे लष्कर शहर झाले. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले. राज्य गेले, मराठी घरांत उरली. पण तेथील खरे धन गाण्यात आहे. हद्दू खाँ, हस्सू खाँ यांची गायकी मराठी शिष्यांनी आपलीशी केली. उस्ताद मुसलमान, बंदिशी ब्रज भाषेतल्या, शिष्य मराठी! त्यांच्यापैकी वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी दक्षिणेत आणली. बाळकृष्णबुवांचे शिष्य मिरजेचे नीलकंठबुवा, आणि नीलकंठबुवांकडे आरंभीची तालीम घेतली धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूर यांनी. कन्नड वचने गाणाऱ्या त्या गळ्यात ग्वाल्हेर होते.

मधे कोठे कालवा खोदला असता, तर हे गाणे आपल्यापर्यंत पोहोचलेच नसते. सीमाभागात वाढलेल्या आपल्याला तो खोदण्याचा मोह वारंवार होतो. कधी दुकानाच्या पाटीवरून, कधी बसच्या फलकावरून. मी मराठी माध्यमात शिकलो, त्याचा मला अभिमान आहे, आणि आपली भाषा सांभाळलीच पाहिजे. परंतु ज्या राज्यात एकच भाषा, तेथे शेजाऱ्याकडून घेण्यासारखे काय उरते? आणि आपल्याजवळचे द्यायचे तरी कोणाला?

तेव्हा मित्रहो, एक विनंती. या अंकातील मराठी पाने वाचून झाली की अंक मिटू नका. कन्नड विभागही उघडा. लिपी येत नसेल, तर शेजारच्या बाकावरील मित्राकडून वाचून घ्या. त्यालाही आपले एखादे पान वाचून दाखवा.