बी, माती आणि बाई

आमच्या मराठी विभागातील ज्येष्ठ बाईंच्या स्तनातील गाठ काढल्याला सात वर्षे झाली होती. मागल्या पावसाळ्यात त्यांची कंबर दुखू लागली आणि तोच कर्करोग मणक्यात सापडला. ‘हाडातच का गेला?’ हा प्रश्न त्यांनी डॉक्टरांना नव्हे, आम्हां दोघींना विचारला. साहित्य शिकवणाऱ्यांना! आम्हांला वाचणे भाग पडले.

आरंभी भेटले ते एक रूपकच. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने १८८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्तनकर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदींचा विचार मांडला. रोग ठरावीक अवयवांतच का उगवतो? त्याच्या मते पेशी हे बी आणि अवयव ही माती. या मातीचे रसायन मात्र बऱ्याच उशिरा उलगडू लागले. २००१ साली ‘नेचर’मधील एका संशोधनात दिसले, की स्तनकर्करोगाच्या पेशींवर सीएक्ससीआर४ हा ग्राही रेणू असतो आणि त्याला साद घालणारा सीएक्ससीएल१२ हा रेणू फुप्फुस, यकृत, अस्थिमज्जा यांत विपुल असतो. एरवी हीच साद रक्ताच्या मूळपेशींना मज्जेत घरी बोलावते.

हाडात तर देवाणघेवाणच चालते. कर्कपेशी पीटीएचआरपी हे प्रथिन सोडतात. त्याच्या प्रभावाने हाड झिजवणाऱ्या पेशी चेतवल्या जातात. झिजणाऱ्या हाडातून तेथे साठलेला टीजीएफ-बीटा मोकळा होतो आणि तो कर्कपेशींना पुन्हा तेच प्रथिन सोडायला लावतो. बाईंना दर चार आठवड्यांनी टोचतात ते डेनोसुमॅब या साखळीतील आरएएनकेएल हा निरोप अडवते. हाडाची झीज मंदावते. रोग मात्र त्याने बरा होत नाही. हे वाक्य त्यांच्यापुढे उच्चारताना आमची जीभ अडखळली.

बाईंनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “म्हणजे माती माझीच वाईट?”

आम्ही गप्प झालो. रोगाच्या रूपकांनी रुग्णावर दोष कसा लादला जातो, हे सुझन सॉन्टॅग यांनी १९७८ सालीच लिहिले होते. ते आम्ही वर्गात शिकवलेही आहे. आणि तरीही, रूपक सुंदर म्हणून, ते उचलून थेट त्यांच्या उशाशी नेऊन ठेवले.

“माती वाईट नाही, बाई. निरोप तुमच्याच शरीराचे, रोजच्या कामाचे. तो ते चोरून ऐकतो.”

“हेही रूपकच,” बाई म्हणाल्या, आणि पेपरांचा गठ्ठा पुढे ओढला.