मुरुडशेंगेचं बी

बाळगुटीच्या डब्यातलं हळकुंड, वेखंड, हिरडा, जायफळ सहाणेवर झिजून गुळगुळीत होतं. मुरुडशेंग मात्र शेवटच्या तुकड्यापर्यंत आपला पीळ सोडत नाही. दीड-दोन इंचांची ती तपकिरी शेंग म्हणजे पाच फळं, सुंभाच्या दोरीसारखी एकमेकांभोवती वळलेली. आमच्यासारखी मराठी घरं नर्मदा ओलांडून इकडे जबलपूरजवळच्या पनागरला स्थिरावली, बोलण्यात हिंदी मिसळली, तरी हा डबा तसाच राहिला. मात्र त्यातली शेंग कुठल्या झाडाची, हे घरात कुणाला सांगता येत नाही. याचं मला वाईट वाटतं, कारण जबलपूरच्या सागवानी रानांत हे झुडूप पायवाटेला लागून उभं असतं.

पनागर हा मटाराचा मुलूख. हिवाळ्यात दूरवर वेलच वेल. पण शेतं संपून झुडपी रान लागलं की खरबरीत, दातेरी पानांची ही ऐंठी भेटते. इथे मुरुडशेंगेला ऐंठी किंवा मरोडफलीच म्हणतात. माणसाच्या डोक्याहून थोडी उंच. पावसाळ्यात फुलते. ताजं फूल विटकरी तांबडं, पाकळ्या मागे मुडपलेल्या, आणि मधून लांब दांडी पुढे आलेली. फूल जुनं होतं तशी तांबडी झाक उतरून निळसर राखाडी छटा येते, म्हणून एकाच फांदीवर दोन झाडांची फुलं असावीत असं वाटतं. शिंजीर येतात ते तांबड्याकडे. चोच आत गेली की पुढे आलेल्या दांडीवरचे पराग पाखराच्या डोक्याला लागतात.

शेंगा हिवाळ्यात वाळतात. पीळ सैल होतो आणि आतलं बारीक, कोनेदार, काळपट बी गळू लागतं. ते तसंच पेरलं तर बहुतेक मातीत पडून राहतं, कारण साल इतकी टणक की पाणी आत शिरतच नाही. रानात ऊन, पाऊस, वणवा यांनी ती साल हळूहळू हरते. घरी उकळून चुलीवरून उतरवलेल्या पाण्यात बी टाकावं, रात्रभर तसंच राहू द्यावं, आणि जूनच्या पहिल्या पावसाबरोबर वाळूमिश्रित मातीत पेरावं. सगळं एकदम उगवत नाही. काही लवकर वर येतं, काही महिन्याने, काही मागे राहतं. मला हा तिचा शहाणपणा वाटतो: पहिल्या सरीनंतर पाऊस दडी मारून बसला तर सगळा वंश एकदम करपत नाही.

धायटी या दुसऱ्या रानझुडपाचं सगळं याच्या उलट. फाल्गुन-चैत्रात पानं झडलेल्या काटक्या तिच्या लाल फुलांनी पेटतात, आणि बी इतकं बारीक की श्वासाने उडावं. ते मातीखाली पुरायचं नसतं, त्याला उजेड लागतो. बारीक वाळूत मिसळून वरच भुरभुरावं आणि पाणी कुंडीच्या बुडातून चढू द्यावं. दशमूलारिष्टाची बाटली घरी असेल तर ही फुलं आधीच घरात आलेली आहेत. आसव-अरिष्टं आंबवायला वैद्य धायटीची फुलं घालतात. त्यांच्यातून रेशमाला लाल रंगही मिळतो.

मुरुडशेंगेची सालही वाया जात नाही. तिच्या वाखाची दोरी वळतात, गुरं बांधायला चालते. शेंग पोटातल्या कळेवर आणि आवेवर देत आले. पोटात पीळ पडला तर पीळ पडलेलीच शेंग उगाळावी, असा विचार जुन्यांनी केला असणार. बाळाच्या बाबतीत मात्र आजचे डॉक्टर पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नका म्हणतात, ते ऐकावं. गुटी सुटली म्हणून झुडूप सुटायला नको.

आणि ते सुटत चाललंय. रोपवाटिकेत साग, बांबू, आवळा मागाल तितका मिळतो. झुडपाला विचारणारा नसतो. बांध साफ करताना पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते. मटाराच्या शेताला जिथे कुंपण हवं तिथे दहा-वीस ऐंठ्या लावल्या तर दोरी, शेंग आणि शिंजीर तिन्ही मिळतील. बी शोधायला लांब जायलाच हवं असं नाही. काष्ठौषधींच्या दुकानातून न किडलेल्या, यंदाच्या शेंगा घ्याव्या, कानाशी हलवून बघाव्या, आणि ज्या खुळखुळतील त्या पेरणीसाठी बाजूला काढाव्या.