फळ्यावर लिहायचं नाव

तुमसरपासून लाखांदूरपर्यंत भंडारा जिल्ह्यात 'एचएमटी' म्हटलं की कुणाला घड्याळ आठवत नाही, तांदूळ आठवतो. हा वाण निवडून काढणारे दादाजी खोब्रागडे शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे, दीडेक एकराचे शेतकरी. 1983 साली 'पटेल 3' धानाच्या बांधीत काही लोंब्या त्यांना वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला ठेवल्या आणि हंगामामागून हंगाम पेरून पाहिल्या. वाण जमला. व्यापाऱ्याने त्याला तेव्हा गाजत असलेल्या घड्याळाचं नाव दिलं, आणि तेच घरोघर पोहोचलं.

दादाजींचं नाव मागेच राहिलं.

या मागे राहिलेल्या नावांची बोच अहमदाबादच्या आयआयएममधल्या एका प्राध्यापकाला फार आधी लागली होती. प्रा. अनिल गुप्ता खेड्यातल्या माणसांकडून शिकत आणि इंग्रजीत लिहीत. मान आणि मानधन त्यांना मिळे. शिकवणारे मात्र निनावी राहत. ही कबुली त्यांनी स्वतः जाहीरपणे दिली आहे. त्या अस्वस्थतेतून 'हनी बी नेटवर्क' उभं राहिलं. ज्याच्याकडून शिकलो त्याचं नाव लिहायचं, ते त्याच्याच भाषेत त्याला परत सांगायचं, कमाई झाली तर वाटा द्यायचा. व्यवस्थापनाच्या शिक्षणात इतका साधा हिशेब क्वचितच कुणी मांडला असेल.

1998 पासून ते शोधयात्रेला निघू लागले: उन्हाळ्यात तापलेल्या मुलखात, हिवाळ्यात गारठलेल्या. आयआयएमचे विद्यार्थीही गावोगाव पायी फिरले. गुरू चार, असं गुप्ता मानतात: आपलं मन, सोबतचे लोक, निसर्ग आणि सामान्य माणूस. वातानुकूलित वर्गात यातला शेवटचा गुरू भेटत नाही, म्हणून चालणं.

गुप्तांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने दादाजींचा गौरव केला. तरीही 2018 मध्ये ते गेले ते आजारपण आणि पैशाची ओढाताण सोसूनच. नाव मिळालं, वाटा मिळाला नाही. गुप्तांच्या हिशेबातली ही बाकी अजून तशीच आहे.

भंडाऱ्यात वाणिज्य शिकणारी कितीतरी मुलं सुट्टीत रोवणीला जातात. त्यांच्या प्राध्यापकांना एकच विनंती: ब्रँडचा धडा सुरू करताना फळ्यावर आधी दादाजी खोब्रागडे हे नाव लिहा, आणि मग मुलांना विचारा, तुमच्या घरी बियाणं कोण निवडतं?