बारगीर आणि बर्गी

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ज्याला काटवा म्हणतात, त्याचा बंगाली उच्चार काटोया. हावड्याहून रेल्वेने उत्तरेकडे सुमारे दीडशे किलोमीटर. बिहारच्या डोंगरांतून निघालेली अजय नदी इथे भागीरथीला मिळते. उन्हाळ्यात अजयच्या पात्रात वाळूच वाळू, आणि पावसाळ्यात तीच काठावरची शेते पोटात घेते. पैलतीरी नदिया जिल्हा, उत्तरेला मुर्शिदाबाद, वायव्येला बीरभूम. म्हणजे हेही आमच्यासारखे कडेचेच गाव! 2017 साली बर्धमान जिल्ह्याचे दोन भाग झाले, तेव्हा काटवा पूर्व बर्धमानात राहिला. महकुमा-शासकाची कचेरी (आपला प्रांत म्हणा) इथेच आहे, नगरपालिका 1869 ची. 1510 मध्ये चैतन्य महाप्रभूंनी केशव भारतींकडून संन्यास घेतला तो याच गावी, त्यामुळे वैष्णवांचा राबता अजून असतो.

मी गेलो होतो ते मात्र भास्कररामपंत कोल्हटकरांसाठी. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या या दिवाणाने 1742 च्या पावसाळ्यात काटव्याला तळ दिला होता. जवळच्या दाँईहाटला त्यांनी थाटामाटाने दुर्गापूजा मांडली. पण ती पुरी होण्याआधीच अलिवर्दीखानाने होड्यांच्या पुलावरून रात्री फौज उतरवली आणि मराठ्यांना तळ सोडावा लागला. पुढे 1744 मध्ये मनकऱ्याला भेटीच्या डेऱ्यात पंतांचा आणि बरोबरच्या सरदारांचा घात झाला. आपल्याकडे ही हकीकत त्या दग्याशी येऊन थांबते. तिकडे ती दुसऱ्याच ठिकाणी सुरू होते.

दाँईहाटला एका निवृत्त शिक्षकांकडे उतरलो होतो. त्यांच्या आईंनी नव्वदी गाठलेली. पाहुणा महाराष्ट्रीय आहे असे मुलाने सांगताच म्हातारीने पदर सावरला, माझ्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, "बर्गी?" सगळे घर हसले. मीही हसलो, पण हातातला चहा तसाच राहिला.

बर्गी म्हणजे आपला बारगीर. शिलेदाराचे घोडे स्वतःचे, बारगिराचे सरकारी. आपल्या लेखी हा निव्वळ लष्करी हिशेबातला शब्द. बंगालीत त्याचा अर्थ लुटारू. तिथल्या आया लेकरांना निजवताना जी अंगाई म्हणतात, तिच्यात हे बर्गी येतात, पीक पाखरांनी खाल्लेले असते आणि सारा कशातून भरावा ही आईची विवंचना असते. गंगाराम कवीने त्याच शतकात या स्वाऱ्यांवर काव्य लिहिले. त्याचे नाव 'महाराष्ट्र पुराण'! नाव वाचून आपल्या माणसाची छाती फुगावी, आणि आत जाळलेली गावे, नाक-कान कापलेली माणसे, विटंबलेल्या बायका. शत्रूने लिहिले म्हणून ते बाजूला सारता येईल. अंगाई कशी सारणार? ती कोणा दरबाराने लिहवून घेतलेली नसते.

परतल्यावर नववीच्या वर्गात हे सारे सांगितले. शाळा मराठी माध्यमाची असली तरी आमच्या निम्म्या मुलांच्या घरी कानडी बोलतात. एका पालकाने येऊन, "सर, आपल्याच पोरांना आपलेच वाईट कशाला सांगता?" म्हणून विचारले. त्यांची तळमळ मला कळत होती. सीमेवर राहणाऱ्याला भाषेइतकाच इतिहासही जपून ठेवावासा वाटतो. मी त्यांना बसवून घेतले, चहा दिला, आणि दाँईहाटच्या आजींची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत. पण चहा संपेपर्यंत बसले.

वर्गात मात्र वेगळेच झाले. मागच्या बाकावरची एक मुलगी, घरी कानडी बोलणारी, उठून म्हणाली, "सर, त्या अंगाईतल्या आईला सारा द्यायचा होता तो कोणाला? नबाबाला की आपल्याला?"

'आपल्याला' हा शब्द तिने सहज वापरला होता. मी फळ्यावर 1751 लिहिले. त्या साली झालेल्या तहाने नबाबाने भोसल्यांना दरसाल बारा लाख रुपये चौथाई कबूल केली. मराठ्यांच्या नावाने त्याने जमीनदारांवर जादा पट्टी बसवली, आणि जमीनदारांनी ती रयतेवर ढकलली. त्या पट्टीचे दप्तरातले नावच होते 'चौथ मराठा'.