गाऱ्हाण्याची वाट

इ. स. १८७१ मध्ये मॉरिशसमधील करार पुरा केलेल्या गिरमिटियांनी गव्हर्नरांकडे एक अर्ज धाडला. आडॉल्फ द प्लेव्हिट्झ या सहृदय मळेवाल्याने तो लिहून दिला आणि नऊ हजारांहून अधिक श्रमिकांनी त्यास संमती दिली. पुढील वर्षी ब्रिटिश सरकारने चौकशी आयोग नेमला. दुर्बलांची हाक सत्तेच्या कानी पडावयास त्या काळी एवढा खटाटोप लागे.

इंटरनेटने ही वाट किती जवळची केली, याचे उदाहरण ओमान होय. तेथील मजलिस-अश्-शूरा ही लोकनियुक्त सभा १९९१ मध्ये स्थापन झाली. २००३ साली २१ वर्षांवरील स्त्रीपुरुष नागरिकांस सरसकट मताधिकार लाभला. २९ ऑक्टोबर २०२३ रोजी तिच्या ९० जागांची निवडणूक झाली, ती 'अंतखिब', म्हणजे 'मी निवडतो', या मोबाइल अॅपवर! परदेशस्थ ओमानी नागरिकांनी तर आठवडाभर आधीच, असतील तेथूनच मत दिले. तथापि त्या निवडणुकीत एकही स्त्री विजयी झाली नाही, आणि राज्यकारभारातील अखेरचा शब्द सुलतानांचाच राहिला. साधन बदलले म्हणजे सत्तेची वाटणी बदलतेच असे नव्हे.

याच ओमानात रत्नागिरी-कोल्हापूरकडील कित्येक कष्टकरी पोटासाठी राबत आहेत. परकीय म्हणून त्यांस तेथे मत नाही. २०११ पासून अनिवासी भारतीयांस मायदेशीच्या मतदारयादीत नाव घालता येते. परंतु मत देण्यास स्वतः गावच्या केंद्रावर हजर व्हावे लागते. मतदानासाठी विमानभाडे खर्चणे कोणत्या मजुरास परवडणार? त्याचे मत यादीतच राहते.

त्याचे गाऱ्हाणे मात्र प्रवास करू शकते. भारत सरकारने २०१५ मध्ये 'मदद' हे संकेतस्थळ सुरू केले. थकलेला पगार, मालकाकडून होणारा छळ, अशा तक्रारी तेथे नोंदविता येतात आणि तक्रारीचे पुढे काय झाले तेही पाहता येते. परंतु ज्यास अर्जाची भाषाच उमगत नाही, त्याने काय करावे? त्याच्या शेजारी बसून दोन ओळी नीट लिहून देणारा माणूस १८७१ मध्ये लागला होता, तसा तो आजही लागतो. गिरमिटियांची नातवंडे शिकली, सवरली. हे काम त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास शोभून दिसेल?