कहरुबातला विंचू

उर्दूत अंबरला कहरुबा म्हणतात. शब्द फारसी. काह म्हणजे गवताची काडी, रुबा म्हणजे ओढून नेणारा. मराठीत याच वस्तूला तृणमणी म्हणतात, आणि तृण म्हणजेही गवत. दोन्ही भाषा शिकवताना मला या जोडीचं फार अप्रूप वाटतं. लोकरीवर घासलेला कहरुबा काडी ओढतो, हे दोन्हीकडच्या लोकांनी करून पाहिलं आणि तसंच नाव ठेवलं. ग्रीक लोक त्याला इलेक्ट्रॉन म्हणत. विजेचं इंग्रजी नाव तिथूनच आलं.

कहरुबाच्या मण्यांची तसबीह आपण पाहिलेली असते. पण तो दगड नव्हे. ती झाडाची राळ, जमिनीखाली कोट्यवधी वर्षं राहून कठीण झालेली. ओली असताना तिच्यात माश्या, मुंग्या चिकटत. क्वचित विंचूही. म्यानमारच्या काचिन भागातल्या कहरुबात असे विंचू सापडलेत. त्यांचं वय सुमारे ९.९ कोटी वर्षं.

त्यातल्या एकाचा फोटो मी आठवीच्या वर्गात दाखवला. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हा तर आमच्या शेतातलाच!"

खरंच, तेच आठ पाय, तीच नांगी. आपलं सोलापूर ज्या काळ्या दगडावर उभं आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. म्हणजे हा विंचू आपल्या पायाखालच्या दगडाहून जुना.

मग वर्गात विंचू चावल्याच्या गोष्टी निघाल्या. कुणाला मंत्राने उतरवलेलं, कुणावर दम केलेला. सगळे बरे झालेले. मला काळजी वाटली ती इथेच. मोठा काळा विंचू चावला तर वेदना भयंकर, पण माणूस बहुधा वाचतो आणि श्रेय फुंकरीला जातं. लहानखुरा लाल विंचू वेगळा. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, ही त्याची लक्षणं. त्याचं विष हृदयावर जातं, फुप्फुसांत पाणी भरतं. लहान मुलं त्याने दगावतात.

रायगडमधल्या महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून ही लक्षणं टिपली. १९८२ साली त्यांचं लिखाण 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी वापरलं आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कोट्यवधी वर्षांच्या विषावरचा हा उतारा जेमतेम चाळीस-पन्नास वर्षांचा आहे, आणि तोही आपल्याच महाराष्ट्रातला.

विंचू चावलेल्या माणसावर सूरह फातिहा पढल्याची हदीस आहे, हे मला ठाऊक आहे. इलाज करून घ्या, हीसुद्धा पैगंबरांचीच (स.) शिकवण. दुवा जरूर पढावी. पण ती दवाखान्याच्या वाटेवर, गाडीत बसून पढावी. लाल विंचवाच्या बाबतीत पहिले काही तासच हातात असतात.

त्या दिवशी मी मुलांना गृहपाठ दिला: आपल्या घरापासून सर्वांत जवळचं सरकारी आरोग्य केंद्र कुठे आहे, रात्री तिथे कसं पोहोचायचं, हे घरच्यांना विचारून वहीत लिहून आणा. उर्दूत लिहा किंवा मराठीत, चालेल.